पाणी वाहतं त्याच कडेने सायकल जाते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की रस्ता साधारण १८ मीटर रुंद, ३०० मीटर लांब, दोन ठिकाणी दर पावसात पाणी तुंबतं, आता रस्ता नवीन करायचं ठरलंय आणि त्यात दोन्ही बाजूंना सायकल लेन पण द्यायची आहे, झाडांच्या वाफ्यात पाणी सोडायचाही विचार आहे, आणि ठेकेदार म्हणतोय की आधी वर डांबराचा थर देऊन लेनचे पट्टे मारून घेऊ, ड्रेनेजचं पुढच्या टप्प्यात बघू. तर असं केलं तर चालेल का.

नाही चालणार. का ते जरा सविस्तर सांगतो, कारण गेली बावीस वर्षं मी रस्ते आणि पावसाळी गटारं याच कामात आहे आणि नेमकी हीच गोष्ट इतक्या ठिकाणी बिघडलेली बघितली आहे की आता कुठलंही ड्रॉइंग हातात आलं की सायकल लेन आणि गटाराच्या जाळ्या एकाच शीटवर दाखवल्यात का हेच मी आधी बघतो. बहुतेक वेळा नसतात. ड्रेनेजचं ड्रॉइंग एकाकडून येतं, रस्त्याचं दुसऱ्याकडून, आणि लेन सगळ्यात शेवटी रंगाचा डबा घेऊन आखली जाते. पण पाण्याला वाहायला रस्त्याची कड लागते आणि सायकलवाल्यालाही आपण कडच देतो, म्हणजे जागा एकच आणि मागणारे दोन. हे कागदावर सोडवलं नाही तर रस्त्यावर सायकलवाला आपल्या जिवावर सोडवतो.

एक उदाहरण सांगतो. नवीनच झालेला एक रस्ता, पहिला मोठा पाऊस, मी मुद्दाम छत्री घेऊन तासभर तिथे उभा राहिलो. लेन दीड मीटरची, नुसता पांढरा पट्टा. रस्त्याचा ढाळ कडेकडे अडीच टक्के. म्हणजे कर्बला, रस्त्याच्या कडेच्या उभ्या काठाला, २५ मिलिमीटर पाणी चढलं की ते एक मीटर आत पसरतं, साधा हिशोब आहे, आणि २५ मिलिमीटर म्हणजे बोटाच्या एका पेराएवढं, ते तर पाच मिनिटांत झालं. लेनमधला कोरडा भाग राहिला अर्धा मीटर. त्यात जाळीवर पानं आणि प्लास्टिकची पिशवी अडकलेली, पाणी जाळीला वळसा घालून पुढे जात होतं. शाळेतून घरी निघालेली एक मुलगी, पाठीला दप्तर, तिने ती जाळी लांबूनच बघितली आणि चार-पाच मीटर आधी हँडल रस्त्याच्या मधल्या बाजूला वळवलं, मागे न बघता, आणि मागे बस होती. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्या मुलीची काहीच चूक नव्हती, तिला रोजच्या सवयीने माहीत होतं की तिथे चाक अडकतं. चूक ड्रॉइंगमध्ये होती आणि ती मला त्या दिवसापासून कायम डोळ्यासमोर दिसते.

आता तुमच्या रस्त्याकडे येऊ. सगळ्यात आधी पाणी का तुंबतं ते शोधा, कारण "पाणी तुंबतं" हा एक आजार नाही, तीन वेगवेगळे आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं. पुढच्या पावसात दोन्ही ठिकाणी कोणालातरी मोबाईल घेऊन उभं करा आणि वेळ टाकून फोटो काढा. पाऊस थांबल्यावर वीस मिनिटं, अर्ध्या तासात पाणी उतरत असेल तर पाईप किंवा जाळ्या कमी पडतायत, पाणी जातंय पण हळू जातंय. दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच डबकं राहत असेल तर तो लेव्हलचा प्रश्न आहे, जाळी उंचावर आणि खोलगट भाग दुसरीकडे, असं असतं, तिथे कितीही मोठा पाईप टाकला तरी पाणी पाईपापर्यंत पोचणारच नाही. आणि तिसरं म्हणजे पाणी चेंबरमधून, म्हणजे पाईपलाईनवर झाकण असलेला जो खड्डा असतो त्यातून, उलटं वर येत असेल, झाकण थरथरत असेल, तर तुमच्या रस्त्यात दोष नाही, पुढची लाईन किंवा ज्या नाल्यात ती जाते तो नाला भरलाय. तिथे इथला पाईप मोठा करून उपयोग नाही, उलट पुढच्यांचं पाणी तुमच्याकडे यायला मोठा दरवाजा उघडल्यासारखं होईल. अशा ठिकाणी शेवटच्या चेंबरची इनव्हर्ट लेव्हल म्हणजे पाईपाच्या तळाची उंची, आणि नाल्यातल्या पुराच्या पाण्याची लेव्हल, ह्या दोन्ही शेजारीशेजारी मांडून बघाव्या लागतात, आणि गरज पडली तर तोंडाला उलट पाणी अडवणारी झडप बसवावी लागते. झडप बसवली की ती साफ कोण करणार हेही तेव्हाच ठरवायचं, कारण एक बाटली किंवा काठी मध्ये अडकली की ती उघडीच राहते.

जुनी लाईन असेल तर तिच्यात कॅमेरा सोडायला सांगा. हे रस्ता करायच्या आधी, नंतर नाही. मी एका कामात कॅमेरा टाकला तर जवळपास अर्धा पाईप गाळाने भरलेला आणि मध्येच कोणीतरी टाकलेली दुसरी केबल आरपार पाईप फोडून गेलेली. आठवडाभर साफसफाई आणि एका तुकड्याची बदली, एवढ्यावर काम भागलं, नाहीतर सगळी लाईन नवीन टाकायचा घाट घातला होता. कॅमेऱ्यात हेही कळतं की कोणाच्या संडास-बाथरूमचं पाणी पावसाळी लाईनला जोडलंय का. जोडलं असेल तर ते आधी तोडा, विशेषतः झाडांच्या वाफ्यात पाणी सोडायचा विचार असेल तर, त्याबद्दल पुढे लिहितो.

पाणी किती येणार हा हिशोब घाबरण्यासारखा नाही, कोणालाही करता येतो. पावसाचा जोर मिलिमीटर प्रतितास, क्षेत्रफळ हेक्टरमध्ये, आणि किती टक्के पाणी वाहून येतं तो गुणांक, तिघांचा गुणाकार करून ३६० ने भागायचं, घनमीटर प्रतिसेकंद मिळतात. तुमचा रस्ताच मुळी ०.५४ हेक्टर, त्यात दोन्ही बाजूंची छपरं आणि अंगणं धरून समजा दीड हेक्टर पाणी रस्त्यावर येतं. सगळं पक्कं बांधकाम म्हणून गुणांक ०.८ धरा, जोर ६० मिलिमीटर प्रतितास. उत्तर येतं ०.२, म्हणजे सेकंदाला २०० लिटर. जोर मी हिशोबापुरता धरलाय, तुमच्याकडचा खरा आकडा हवामान खात्याच्या नोंदींवरून घ्या, आणि घेताना दिवसभराचा पाऊस घेऊ नका. एवढ्या छोट्या रस्त्याला दिवसभराचा पाऊस बुडवत नाही, दहा-पंधरा मिनिटांची सर बुडवते. पंधरा मिनिटांत २० मिलिमीटर पडला तर तो जोर तासाला ८० चा झाला, मग त्या दिवसाचा एकूण पाऊस किरकोळ का असेना.

आता पाईप. आयर्लंडचे इंजिनिअर रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेलं, ढाळावरून पाणी किती वाहील ते सांगणारं सूत्र आजही जगभर वापरतात, त्याने बघितलं तर ४५० मिलिमीटरचा काँक्रीट पाईप २०० मीटरला १ मीटर ढाळाने टाकला तर पूर्ण भरून बरोबर २०० लिटरच्या आसपास वाहतो. तोच पाईप ८०० ला १ असा सपाट टाकला तर १०० लिटर. ढाळ चौथाई झाला की क्षमता निम्मी, आणि वेगही निम्मा, सव्वा मीटरवरून जेमतेम ०.६ मीटर प्रतिसेकंद, आणि ०.६ च्या खाली गेलं की वाळू-माती पाईपात बसायला लागते. सपाट रस्त्यावर ढाळ मिळतच नसेल तर ६०० चा पाईप घ्या, तो ८०० ला १ मध्येही २०० च्या थोडा वरच जातो. पण हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. साइटवर पाईप टाकताना पाच-सात सेंटीमीटर वरखाली झालं तर कोणी फारसं मनावर घेत नाही, आणि ८०० ला १ ढाळात दोन चेंबरच्या मध्ये ३० मीटरला एकूण उतारच पावणेचार सेंटीमीटर असतो. म्हणजे पाच सेंटीमीटरची चूक झाली की पाईप उलटा वाहतो. म्हणून पाईप झाकायच्या आधी प्रत्येक चेंबरला लेव्हल मशीन लावून आकडे लिहून घ्यायला सांगा आणि तो कागद तुमच्याकडे ठेवा. तुम्ही एवढं एक काम केलं तरी निम्मी लढाई जिंकली.

आणि ठेकेदार म्हणतोय तसा नुसता वर थर दिला तर काय होईल तेही सांगून टाकतो. ५० मिलिमीटरचा थर वाढला की कर्ब तेवढा बुटका झाला, जाळ्या आणि चेंबरची झाकणं तेवढी खड्ड्यात गेली. गाडीला त्या खड्ड्याचा एक दणका बसतो, सायकलवाला तोंडावर पडतो. दोन-तीनदा असे थर झाले की रस्ता फुटपाथच्या बरोबरीला येतो आणि पाणी दुकानांत, घरांत शिरायला लागतं. जुना थर खरवडून काढून मगच नवीन टाकायचा, आणि झाकणांच्या फ्रेम नवीन लेव्हलला उचलून घ्यायच्या, हे टेंडरमध्ये स्वतंत्र बाब म्हणून लिहिलेलं असलं पाहिजे. लिहिलेलं नसेल तर होत नाही.

आता १८ मीटर कसे वाटायचे. मी असं मांडीन: दोन्ही बाजूंना फुटपाथ २.४ मीटर, त्याला लागून दोन्ही बाजूंना सायकल ट्रॅक २ मीटर, मधला रस्ता ३ मीटरच्या दोन लेन, एका बाजूला २ मीटरचा पट्टा ज्यात थोडं पार्किंग, थोडी झाडं-वाफे आळीपाळीने, आणि उरलेले १.२ मीटर बफरला, म्हणजे सायकल आणि गाड्यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीला, पार्किंगच्या बाजूला ०.८ आणि दुसऱ्या बाजूला ०.४. बेरीज करून बघा, १८ बसतात. पार्किंग हे रस्ता आणि सायकल यांच्या मध्ये, सायकलच्या बाहेर नाही. उभ्या गाड्याच मग सायकलवाल्याला संरक्षण देतात. पण ते ०.८ मीटरचं बफर कापू देऊ नका, गाडीचं दार उघडतं ते तिथेच उघडतं, आणि अचानक उघडलेल्या दारावर आदळून मेलेली माणसं आहेत. ३ मीटरची लेन ऐकून लोक म्हणतात अरुंद होईल. तिथे वेग कमी होतो हाच तर फायदा आहे. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीत ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पटीहून जास्त गतिज ऊर्जा असते, ती समोरच्याच्या हाडांवर येते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये व्हिजन झिरो स्वीकारलं त्याचा गाभा हाच होता, माणूस चुकणारच हे धरून रस्ता असा करायचा की चुकीची शिक्षा मरण नसावी.

ट्रॅक २ मीटरपेक्षा कमी करू नका याचं एक कारण म्हणजे दोन सायकली शेजारून जाऊ शकतात, पण मला दुसरं कारणही तेवढंच महत्त्वाचं वाटतं, झाडूचं छोटं मशीन त्यात जाऊ शकलं पाहिजे. ते जात नसेल तर पानं, काचा, खडी तिथेच साठते, लोक ट्रॅक सोडून रस्त्यावर येतात आणि पहिल्या पावसात तो सगळा कचरा जाळीवर जाऊन बसतो. झालं, पाणी परत तुंबलं.

ट्रॅकची उंची हा खरा कळीचा मुद्दा आहे. तीन पर्याय असतात. ट्रॅक रस्त्याच्याच लेव्हलला ठेवून मध्ये कर्ब किंवा दगडांची रांग टाकली तर ती रांग बांधासारखी पाणी अडवते, एकतर रस्त्याचं पाणी मध्येच तुंबतं किंवा फटींतून सगळं ट्रॅकमध्ये येतं. ट्रॅक पूर्ण फुटपाथच्या लेव्हलला नेला तर पाण्याचा प्रश्न मिटतो पण पायी चालणारे आणि सायकली एकमेकांत मिसळतात, अंध व्यक्तीला कड कळत नाही, म्हाताऱ्या माणसांना भीती वाटते. मला पटतो तो मधला पर्याय, ट्रॅक रस्त्यापेक्षा साधारण ७ ते १० सेंटीमीटर वर आणि फुटपाथपेक्षा ५ सेंटीमीटर खाली. फुटपाथचं पाणी ट्रॅकवर, ट्रॅकचं पाणी दोन टक्के ढाळाने बफरकडे आणि तिथून रस्त्याच्या कडेच्या पन्हळीत, आणि जाळ्या सगळ्या त्या पन्हळीत, म्हणजे रस्त्याच्या बाजूला. ट्रॅकवर एकही जाळी नाही. कितीही पाऊस आला तरी आधी गाड्यांच्या चाकाखाली पाणी येईल, सायकलवाला सात सेंटीमीटर वर कोरडा राहील. फुटपाथ आणि ट्रॅकमधला कर्ब मात्र उभा सरळ नको, तिरका कापलेला घ्या, पॅडल किंवा चाक घासलं तरी माणूस पडत नाही.

जाळ्यांचं अंतर. ढोबळ नियम म्हणजे एका जाळीला २०० चौरस मीटर. तुमच्या रस्त्याची निम्मी रुंदी ९ मीटर, लांबी ३००, म्हणजे एका बाजूला २,७०० चौरस मीटर, तेरा-चौदा जाळ्या, साधारण २०-२२ मीटरवर एक. पाऊस जोरदार असेल तर अजून जवळ. छपरांचं पाणी फुटपाथवर सोडू नका, खालून थेट चेंबरला जोडा, नाहीतर हा हिशोब कोलमडतो. जिथे खोलगट भाग आहे तिथे एक जाळी कधीच पुरत नाही, तळाला एक आणि दोन्ही बाजूंना थोड्या वर एकेक अशा तीन घ्या, म्हणजे एक तुंबली तरी दुसऱ्या दोन पाणी ओढतात. मी हिशोबात प्रत्येक जाळी निम्मी तुंबलेलीच धरतो. आणि शक्य असेल तिथे कर्बच्या उभ्या बाजूला तोंड असलेलं चेंबर घ्या, त्यावर चाक जायचाच प्रश्न नाही. जिथे आडवी जाळी टाळता येत नाही, म्हणजे चौकात किंवा गेटसमोर, तिथे पट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या पाहिजेत. सायकलचं अरुंद टायर २५-३० मिलिमीटर रुंद असतं आणि फटी दिशेला समांतर असल्या की चाक सरळ आत जातं. बसवणारा गवंडी जाळी साफ करायला उचलतो आणि परत ठेवताना फिरवून ठेवतो हेही बघितलंय, म्हणून चौकोनी जाळीपेक्षा एकाच दिशेने बसणारी लांबट जाळी मागा.

ह्याच्याइतकाच दुर्लक्षित विषय म्हणजे उंचावलेले क्रॉसिंग, म्हणजे पायी रस्ता ओलांडायची जागा रस्त्यापेक्षा वर उचललेली. ते मला हवेच आहेत, शाळेसमोर तर नक्की, गाड्यांचा वेग त्याने खरोखर कमी होतो. पण उंचावलेलं क्रॉसिंग हे पाण्याच्या दृष्टीने धरण आहे. वरच्या अंगाला जाळी दिली नाही तर तिथे तळं होतं आणि ते नेमकं माणसं रस्ता ओलांडायला उभी राहतात त्या जागी. काही ठिकाणी कर्बच्या बाजूने पन्हळ मोकळी सोडून वर लोखंडी पत्रा टाकतात, पण पत्रा ओला झाला की घसरतो आणि खाली गाळ साठतो. वरच्या बाजूला जाळी आणि तिचा पाईप सरळ लाईनला, हे महाग पडतं पण टिकतं.

चौकाबद्दल जास्त लिहावं लागेल कारण सायकलवाल्यांचे गंभीर अपघात मोठ्या प्रमाणात चौकातच होतात, मधल्या सरळ रस्त्यावर ट्रॅक कितीही चांगला असला आणि चौकाच्या वीस मीटर आधी तो गायब झाला तर त्या ट्रॅकने फक्त माणसाला बेसावध करून चौकात सोडलं. नेदरलँड्समध्ये वर्षानुवर्षं जी पद्धत रुळली आहे तीच घ्या: कोपऱ्यावर एक छोटं बेट, सायकलचं क्रॉसिंग कोपऱ्यापासून साधारण एका गाडीच्या लांबीएवढं, पाचेक मीटर, आत सरकवलेलं. त्याने होतं काय की वळणारी गाडी आधी वळून घेते आणि मग सायकलवाला तिच्या ड्रायव्हरला अगदी समोर दिसतो, खांद्यामागे वळून बघावं लागत नाही, आणि गाडीला थांबायला मागच्या वाहतुकीच्या बाहेर जागा मिळते. कोपऱ्याची गोलाई कमी ठेवा म्हणजे गाडी हळूच वळेल. ट्रक-बस वळत नाहीत अशी तक्रार येईल, तर बेटाच्या कडेला चढता येण्यासारखा खडबडीत दगडी भाग ठेवा, मोठं चाक त्यावरून जातं आणि छोटी गाडी टाळते. फक्त हे बेट टाकलं की त्याच्या मागे, ट्रॅकच्या वळणात, एक खोलगट कप्पा तयार होतो आणि पाणी तिथे कोंडतं. सायकलवाला वळताना कललेला असतो, त्यात खाली पाणी आणि गाळ असेल तर तो पडणारच. म्हणून चौकाचं ड्रॉइंग नुसत्या रेषांचं नको, प्रत्येक मीटर-दोन मीटरला लेव्हल लिहिलेली हवी. ते करायला कंटाळा करतात. तुम्ही मागत राहा.

झाडांच्या वाफ्यात पाणी सोडायचं तुम्ही विचारलंय, तर जरूर करा, पण त्याच्याकडून काय मिळेल ते समजून करा. ४० चौरस मीटरचा वाफा, त्यात १५ सेंटीमीटर पाणी थांबेल एवढी खोली, म्हणजे वर ६ घनमीटर पाणी. एवढ्यात ६०० चौरस मीटर पक्क्या जागेवरचा पहिला १० मिलिमीटर पाऊस बसतो. हा पहिला पाऊसच सगळ्यात घाण असतो, तेल, टायरची भुकटी, धूळ, ती वाफ्यात अडकते आणि नाल्यात जात नाही, लहानसहान सरी तर पाईपापर्यंत जातच नाहीत. पण मोठ्या सरीत वाफा भरला की पुढचं सगळं पाणी पाईपालाच पेलायचंय, त्यामुळे वाफे आहेत म्हणून पाईप लहान करा असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. आधी जमीन पाणी पिते का बघा, खड्डा खणून, एकदा भिजवून, परत भरून, तासाला पाणी किती खाली जातं ते मोजा. चिकण माती असेल तर खाली खडीचा थर आणि भोकांचा पाईप लागेल. पाणी एका दिवसात उतरलं पाहिजे, डासाचं अंडं ते डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात त्यामुळे एवढ्यात काही होत नाही, पण लोकांना हे आधीच समजावून सांगा नाहीतर पहिल्याच वर्षी कोणीतरी वाफ्यात सिमेंट ओततं. इमारतींच्या पायापासून पाच मीटर लांब राहा, आणि १८ मीटरच्या रस्त्यात ते जमत नसेल तर वाफ्याच्या त्या बाजूला प्लास्टिकचा जाड कागद उभा लावून पाणी अडवा. वाफ्यात पाणी शिरायच्या तोंडाशी एक छोटा काँक्रीटचा खळगा ठेवा, गाळ तिथे पडतो आणि फावड्याने काढता येतो.

आणि पाईप, जाळ्या, वाफे सगळं कमी पडेल असा एक पाऊस कधीतरी येणारच, तेव्हा पाणी कुठे जाणार हेही ठरवून ठेवायचं असतं. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ ला साधारण दोन तासांत काही भागांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि तळघरं, रस्ते सगळं बुडालं. त्यानंतर २०१२ मध्ये त्यांनी ढगफुटीचा आराखडा केला, त्यात काही रस्तेच असे बनवायचे ठरवले की मोठ्या पावसात ते स्वतः पाणी वाहून नेतील, मधोमध खोलगट, कडा उंच, आणि शेवटी एखाद्या बागेत किंवा मैदानात पाणी काही तास थांबेल. तुमच्या रस्त्यालाही हेच लागू आहे. घरांच्या उंबऱ्याची लेव्हल, फुटपाथ, ट्रॅक, रस्ता अशी उतरंड नीट केली तर शंभरातल्या एखाद्या पावसात रस्ता काही वेळ बंद राहील, पण पाणी कोणाच्या घरात जाणार नाही.

ट्रॅकचा पृष्ठभाग मशीनने टाकलेल्या डांबराचाच घ्या. पेव्हर ब्लॉक दिसायला छान, दोन वर्षांत खाली-वर होतात, आणि प्रत्येक खोलगट ब्लॉकवर पाणी. रंग सगळ्या ट्रॅकभर फासू नका, ओला झाला की गुळगुळीत रंगावर चाक सरकतं, फक्त चौकात आणि गेटसमोर लावा आणि त्यात खरखरीत दाणे टाकलेला घ्या. केबल, पाणी, गॅस ज्यांना ज्यांना खणायचंय त्यांना आधीच लेखी विचारून घ्या, आणि खणलेला चर बुजवताना माती १५-२० सेंटीमीटरच्या थरांत पाणी मारून ठोकायची. एकदम भरून वरून रोलर फिरवला तर वर घट्ट आणि खाली भुसभुशीत राहतं, पहिल्याच पावसात चर बसतो आणि सायकलच्या वाटेवर लांबलचक खळगा तयार होतो.

बिल पास व्हायच्या आधी एक चाचणी करायला लावा. ऊन असलेल्या दिवशी पाण्याचा टँकर बोलवा, ट्रॅकच्या आणि रस्त्याच्या वरच्या टोकापासून पाणी सोडा, आणि अर्ध्या तासाने खडू घेऊन चालत जा. जिथे जिथे पाणी राहिलंय तिथे खडूने गोल काढा. तीन मीटरची सरळ पट्टी ट्रॅकवर आडवी-उभी टाकून खाली पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसते का बघा. मग एक सायकल घ्या, स्वतः चालवा, चौकातून दोन्ही बाजूंनी वळून या, शक्य असेल तर एखाद्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईवडिलांसोबत चालवायला सांगा आणि तो कुठे थांबतो, कुठे बिचकतो ते लिहा. माझ्या एका कामात अशा चाचणीत अकरा गोल निघाले होते, ठेकेदाराने चार दिवसांत दुरुस्त केले, कारण तेव्हा मशीन आणि माणसं साइटवरच होती. महिन्याने सांगितलं असतं तर झालं नसतं.

सध्या ठेकेदाराला एवढंच लेखी द्या की रस्त्याचा उभा छेद (लांबीतला चढ-उतार), आडवा छेद (रुंदीतला) आणि चेंबरच्या लेव्हल एकाच शीटवर मिळाल्याशिवाय डांबराचं काम सुरू करू नये. आणि रस्त्याच्या खालच्या टोकाच्या शेवटच्या चेंबरची इनव्हर्ट लेव्हल आणि नाल्याच्या तळाची लेव्हल मिळाली की इथे टाका, पाईप ४५० चा पुरेल की ६०० चा लागेल ते त्यावरून लगेच सांगता येईल.